एका पोटवाक्याची किंमत

सरकारच्या सत्तेस कायद्याची मर्यादा असली पाहिजे, हें तत्त्व उघडपणें नाकारणारा मनुष्य आज आपल्या देशांत सांपडणें कठीण. मंत्री तें भाषणांत सांगतात, विरोधी पक्षाचे पुढारी तें सभेंत सांगतात, आणि शाळेंतील मुलगा तें नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतून पाठ करतो. परंतु ज्या तत्त्वास सगळेच मान डोलवितात तें प्रत्यक्षांत राहतें कोठें, हें विचारणारा मात्र विरळा. घटनेच्या प्रास्ताविकेंत तें राहतें काय? न्यायमूर्तींच्या झग्यांत राहतें काय? आमचें उत्तर असें आहे कीं, तें कायद्याच्या एखाद्या लहानशा पोटवाक्यांत राहतें. ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं आणि ज्यावर कोणत्याहि सभेंत टाळी पडत नाहीं अशा पांचसात शब्दांत राहतें. तें पोटवाक्य जागेवर असलें तर नागरिक वांचतो. तें गाळलें गेलें तर मोठमोठे न्यायाधीशहि हात टेकतात. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून आपल्या महाराष्ट्रांतच घडलेल्या एका खटल्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवतों. हकीकत जुनी आहे. परंतु तिच्यांत ज्या प्रश्नाचा निकाल लागला तो प्रश्न जुना झालेला नाहीं.

तुरुंगांत लिहिलेल्या ग्रंथाची थोरवी नाशिककरांस सांगावयास नको. १९३३ च्या फेब्रुवारींत साने गुरुजींनीं 'श्यामची आई' लिहिली ती आमच्या नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या पांच दिवसांत. राज्य परक्यांचें होतें आणि लिहिणारा त्या राज्याचा उघड विरोधक होता. तरी तें पुस्तक भिंतीबाहेर आलें आणि महाराष्ट्राच्या घरोघर गेलें. आतां बत्तीस वर्षें पुढें या. राज्य आपलें आहे, घटना आपली आहे, मुंबईस मराठी मंत्रिमंडळ आहे. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजीं जाहीर झालेली आणीबाणी अजून उठलेली नाहीं. भारत संरक्षण नियमांपैकीं ३० व्या नियमान्वयें महाराष्ट्र सरकारनें प्रभाकर पांडुरंग संझगिरी या कम्युनिस्ट पुढाऱ्यांस मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत स्थानबद्ध करून ठेविलें आहे. आरोपपत्र नाहीं, खटला नाहीं, शिक्षा नाहीं; पुढें कांहीं करतील या शंकेनें केलेला हा अटकाव. तुरुंगांत त्यांनीं सरकारच्याच परवानगीनें मराठींत एक पुस्तक लिहिलें. त्याचें नांव 'अणूच्या अंतरंगात'. विषय असा कीं, अणूच्या पोटांत कोणते मूलकण आहेत आणि आधुनिक पदार्थविज्ञान त्यांविषयीं काय सांगतें, हें सामान्य मराठी वाचकास कळावें.

पुस्तक पुरें झालें तेव्हां तें छापण्यास बाहेर पाठवावें म्हणून संझगिरींनीं सप्टेंबर १९६४ मध्यें सरकारकडे अर्ज केला. सहा महिन्यांनीं, २७ मार्च १९६५ च्या पत्रानें, सरकारनें तो फेटाळला. त्यांनीं तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला; तोहि फेटाळला गेला. शेवटीं त्यांनीं मुंबई उच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. न्यायमूर्तींनीं पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली, पुस्तक निखळ शास्त्रीय आहे अशी खात्री करून घेतली, आणि हस्तलिखित बाहेर जाऊं द्यावें असा हुकूम केला. येथें प्रकरण संपावयास हरकत नव्हती. इलेक्ट्रॉनची मराठी माणसास ओळख झाल्यानें भारताच्या संरक्षणास धोका पोंचतो असें म्हणण्याचें धाडस सरकारलाहि झालें नव्हतें. परंतु सरकारनें हार मानली नाहीं. एका स्थानबद्धाची वही तुरुंगाबाहेर जाऊं नये एवढ्यासाठीं महाराष्ट्र सरकार दिल्लीस सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

तेथें सरकारनें जो युक्तिवाद केला तो नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. कारण तो एका वकिलाचा युक्तिवाद नव्हता, सत्तेचा स्वभावच त्यांतून बोलत होता. सरकारचें म्हणणें असें कीं, मनुष्य एकदां स्थानबद्ध झाला म्हणजे त्याचें सर्व स्वातंत्र्य संपलें. त्यानंतर नियमांनीं ज्या सवलती दिल्या असतील तेवढ्याच त्याच्या. स्थानबद्धांच्या शर्तींविषयींचा १९५१ चा जो मुंबईचा हुकूम आहे त्यांत पुस्तक छापण्यास पाठविण्याची सवलत कोठें लिहिलेली नाहीं. सबब ती नाहीं. वरवर पाहतां हा युक्तिवाद साधा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं असा समज आहे कीं, नागरिकाजवळ जें कांहीं आहे तें सरकारनें दिलेलें आहे, आणि जें दिल्याचें लिहिलेलें नाहीं तें त्याचें नाहींच. पेशवाईंतला वतनदार असें बोलला असता तर आपण समजूं शकलों असतों. लोकशाहीच्या मंत्रिमंडळानें असें बोलावें याचें आश्चर्य वाटतें.

६ सप्टेंबर १९६५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें अपील काढून टाकलें. निकाल न्यायमूर्ति के. सुब्बा राव यांनीं लिहिला. त्यांनीं सरकारचें गणित उलटें करून दाखविलें. शर्तींचा हुकूम सवलती वांटणारा नसून बंधनें घालणारा आहे. ज्या गोष्टीस त्यांत बंधन नाहीं ती गोष्ट स्थानबद्धासहि मोकळी आहे. सरकारचें म्हणणें खरें मानलें, तर जेवण देण्याची शर्त हुकुमांत लिहावयाची राहिली म्हणून स्थानबद्धास उपाशी मारण्याचीहि सरकारास मुभा आहे असें मानावें लागेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ज्यास कायद्याच्या राज्याचें तत्त्व एका वाक्यांत हवें असेल त्यानें तें येथें घ्यावें: नागरिकास आपल्या स्वातंत्र्याचा दाखला दाखवावा लागत नाहीं, सरकारास मात्र आपल्या प्रत्येक बंधनाचा दाखला दाखवावा लागतो. 'हें तुम्ही कोणत्या कायद्यानें करतां?' एवढाच प्रश्न न्यायालय सरकारास विचारतें. त्याचें उत्तर देतां आलें नाहीं तर सरकारचा हात आपोआप मागें येतो.

पण वाचकांपैकीं चाणाक्ष असतील ते विचारतील कीं, त्या वेळीं तर आणीबाणी होती; मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयांत जाण्याचा मार्गच राष्ट्रपतींच्या हुकुमानें बंद झाला होता; मग हा खटला ऐकला गेला कसा? प्रश्न बरोबर आहे, आणि आमच्या लेखाचें मर्म याच ठिकाणीं आहे. घटनेच्या ३५९ व्या कलमान्वयें ३ नोव्हेंबर १९६२ रोजीं राष्ट्रपतींनीं हुकूम काढला होता. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचें २१ वें कलम आणि अटकेविषयींचें २२ वें कलम यांच्या अंमलबजावणीसाठीं न्यायालयांत जातां येणार नाहीं, असें त्यांत होतें. मात्र त्याच वाक्याच्या शेवटीं एक शेपूट होतें: ज्या मनुष्याचा हक्क भारत संरक्षण कायदा, त्याखालील नियम किंवा हुकूम यांन्वयें हिरावला गेला असेल त्यालाच ही बंदी लागू. सर्वोच्च न्यायालयानें या शेपटास धरलें. संझगिरींचें हस्तलिखित अडविणारा नियम दाखवा, असें तें म्हणालें. असा नियम नव्हताच. अर्थात् त्यांचा हक्क नियमान्वयें हिरावला गेला नव्हता, तो नुसत्या मर्जीनें हिरावला गेला होता. आणि मर्जीच्या रक्षणासाठीं राष्ट्रपतींचा हुकूम निघालेला नव्हता. एका पोटवाक्यानें अणूचें पुस्तक तुरुंगाबाहेर काढलें.

शब्दाचें हें सामर्थ्य सरकारें जनतेपेक्षां लवकर ओळखतात. याचा पुरावा त्याआधीं बावीस वर्षांपूर्वींचा आहे आणि तोहि मुंबईचाच आहे. 'छोडो भारत'च्या चळवळींत मुंबईच्या केशव तळपदे यांस भारत संरक्षण नियमांपैकीं २६ व्या नियमानें अडकवून ठेविलें होतें. मूळ कायदा म्हणत होता कीं, ज्याच्याविषयीं वाजवी संशय असेल त्यास अटकाव करण्याचे नियम करावे. नियम करणाऱ्यांनीं संशयाच्या वाजवीपणाचा कांटा काढून टाकला आणि सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे असें लिहून ठेविलें. २२ एप्रिल १९४३ रोजीं सर मॉरिस ग्वायर यांच्या अध्यक्षतेखालीं फेडरल कोर्टानें सांगितलें कीं, नियम कायद्याच्या बाहेर गेला आहे, सबब तो निरर्थक होय. महायुद्ध ऐन भरांत असतां परक्या सरकारच्या कोर्टानें दिलेला हा निकाल. पण त्यानंतर काय झालें? सहाच दिवसांनीं, २८ एप्रिलला, व्हाइसरॉयनें वटहुकूम काढून मूळ कायद्याचेच शब्द बदलले, आणि बदल मागल्या तारखेपासून लागू केला. न्यायालयानें नियम कायद्याच्या मापाचा नाहीं असें म्हटलें. सरकारनें मापच बदलून टाकलें. त्या वेळीं देशभर लोकांनीं या चलाखीबद्दल संताप व्यक्त केला. स्वराज्यांत असें होणार नाहीं असें आमच्या वडील पिढीनें मानलें होतें.

स्वराज्यांत काय झालें तें आतां पाहा. २५ जून १९७५ रोजीं अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली आणि २७ जूनला ३५९ व्या कलमाखालीं नवा हुकूम निघाला. १९६२ च्या हुकुमाशेजारीं तो ठेवून वाचा. कलमें बहुतेक तींच आहेत. फक्त शेवटचें शेपूट नाहीं. 'अमुक कायद्यान्वयें हक्क हिरावला गेला असेल तर' हे शब्द गळाले आहेत. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता, सभांस बंदी होती, तेव्हां या गळतीवर बोट ठेवण्याची सोयहि नव्हती. 'मिसा'खालीं हजारों माणसें तुरुंगांत गेलीं. आमचा नाशिकरोडचा तुरुंगहि राजकीय स्थानबद्धांनीं भरला. एके काळीं जेथें साने गुरुजी बसून लिहीत होते त्याच भिंतींआड स्वतंत्र भारताचे नागरिक विनाचौकशी बसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें, आणि देशांतील इतर अनेक उच्च न्यायालयांनीं, हेबियस कॉर्पसचे अर्ज ऐकतां येतात असें ठरविलें. हुकूम कायद्यास धरून आहे कीं नाहीं एवढें तरी आम्ही पाहूं, असें तीं न्यायालयें म्हणालीं. सर्वोच्च न्यायालयानें २८ एप्रिल १९७६ रोजीं चार विरुद्ध एक अशा मतांनीं तो दरवाजा लावून घेतला. बहुमताच्या न्यायाधीशांनीं स्पष्ट सांगितलें कीं, १९६२ चा हुकूम सशर्त होता, आतांचा बिनशर्त आहे. म्हणून संझगिरींसारख्या जुन्या निकालांचा आतां उपयोग नाहीं.

याच सुनावणींत सरकारच्या वकिलांनीं कबूल केलें होतें कीं, एखाद्या अधिकाऱ्यानें बेकायदेशीरपणें कोणाचा जीव घेतला तरी आणीबाणी चालू असेपर्यंत न्यायालयांत दाद नाहीं. १९६५ मध्यें सुब्बा रावांनीं ज्या गोष्टीकडे असंभवनीय म्हणून बोट दाखविलें होतें, ती अकरा वर्षांनंतर सरकारची अधिकृत भूमिका होऊन बसली होती. एकटे न्यायमूर्ति हंसराज खन्ना विरुद्ध उभे राहिले. १९७७ च्या जानेवारींत सरन्यायाधीशपद त्यांस डावलून दुसऱ्यास देण्यांत आलें आणि त्यांनीं राजीनामा दिला. बहुमतांत असलेल्यांपैकीं एक न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड हे महाराष्ट्राचे सुपुत्र होते, हें आम्हांस लिहितांना खेद होतो. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं तो निकाल चुकीचा होता असें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें ठरविलें तेव्हां तसें लिहिणारे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव होते, हें लिहितांना थोडें समाधानहि होतें. पण नागरिकाचें खरें संरक्षण या पश्चात्तापांत नाहीं. तें १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तींत आहे. २० वें आणि २१ वें कलम आणीबाणींतहि स्थगित करतां येणार नाहीं, असें संसदेनें त्या दुरुस्तीनें लिहून ठेविलें. म्हणजे पुन्हां शब्दच. शब्द गाळून जें गेलें होतें तें शब्द घालून परत आलें, आणि ते शब्द न्यायाधीशांनीं नव्हे, लोकांनीं निवडून दिलेल्या सभासदांनीं घातले.

येथें एक आक्षेप हमखास येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. लोकांनीं निवडून दिलेल्या सरकारास न निवडलेल्या चारदोन न्यायाधीशांनीं अडवावें, ही लोकशाही कसली, असें पुष्कळ प्रामाणिक माणसें विचारतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, न्यायालय राज्य चालवीत नाहीं. राज्य करणाऱ्यांस त्यांनीं स्वतःच लिहिलेल्या कायद्याची आठवण करून देतें. संझगिरींच्या खटल्यांत न्यायालयानें सरकारचें धोरण बदललें नाहीं, संझगिरींस मोकळेंहि केलें नाहीं; जो नियम सरकारनें केला नव्हता तो केल्यासारखें वागूं नका, एवढेंच सांगितलें. शिवाय बहुमताचें सरकार म्हणजे सर्वांचें सरकार नव्हे. आमच्या नाशकांत १९३० सालीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या दारीं सत्याग्रह सुरू झाला. वर्षामागून वर्षें गेलीं तरी बहुसंख्यांच्या रूढीनें तें दार उघडलें नाहीं. बहुमत दार लावून बसलें म्हणजे बाहेरच्या माणसाची काय गति होते, हें ज्यानें या गोदातीरावर पाहिलें, त्यानेंच पुढें घटना समितींत न्यायालयांत दाद मागण्याच्या हक्काचें कलम, म्हणजे आजचें ३२ वें कलम, घटनेचा आत्मा व हृदय असल्याचें सांगितलें. हा योगायोग आम्ही मानीत नाहीं. तथापि त्या दारासहि ३५९ व्या कलमाची कडी घटनेंतच बसविलेली होती, आणि ती कशी घातली जाते हें १९७५ नें दाखविलें. सबब दार आहे म्हणून निजावें असें कोणी समजूं नये.

दुसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे. हप्ता मागणारा गुंड, कोयता घेऊन फिरणारें टोळकें, गल्लींत विष विकणारा अंमली पदार्थांचा दलाल यांनीं त्रासलेल्या माणसास व्यक्तिस्वातंत्र्याचें व्याख्यान रुचत नाहीं; आणि आम्ही त्यास दोष देत नाहीं. अशांसाठीं महाराष्ट्रांत १९८१ पासून स्थानबद्धतेचा एक कायदा आहे. लोक त्यास 'एमपीडीए' या इंग्रजी आद्याक्षरांनीं ओळखतात. जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त हुकूम काढतात आणि मनुष्यास बारा महिन्यांपर्यंत विनाखटला ठेवतां येतें. परंतु या कायद्यांतहि पोटवाक्यें आहेत. कारणें पांच दिवसांच्या आंत कळविलीं पाहिजेत. राज्य सरकारची मंजुरी बारा दिवसांत मिळाली पाहिजे. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे गेलें पाहिजे आणि सात आठवड्यांत मंडळाचा अहवाल आला पाहिजे. न्यायालयांत असे हुकूम वारंवार रद्द होतात. वर्तमानपत्रांत मथळा येतो कीं, गुंड सुटला. कां सुटला तें कोणी सांगत नाहीं. तो सुटतो याचें कारण न्यायाधीशांस त्याची दया येते हें नव्हे. जुन्या गुन्ह्यांची यादी जोडून नवा हुकूम काढलेला असतो, कागद त्यास समजेल अशा भाषेंत दिलेले नसतात, त्याच्या निवेदनावर वेळेंत विचार झालेला नसतो. म्हणजे ज्या अधिकाऱ्याच्या हातीं असाधारण अधिकार दिला त्यानें साधारण काळजीहि घेतलेली नसते. गुंड न्यायालयामुळें सुटत नाहीं, निष्काळजीपणामुळें सुटतो.

याहून वाईट प्रकार दुसरा आहे, आणि वकिलीच्या धंद्यांत तो आम्हीं जवळून पाहिलेला आहे. हुकूम बेकायदा होता असा निकाल लागतो, पण तोपर्यंत बारा महिन्यांपैकीं सात-आठ महिने मनुष्य आंत बसलेला असतो. त्याचा रोजगार गेलेला, मुलाची शाळा सुटलेली, घरभाडें थकलेलें. निकालाच्या कागदावर तो जिंकलेला असतो. घरीं मात्र हरलेला असतो. गुन्हेगारास शिक्षा हवी तर त्यावर खटला भरावा, पुरावा मांडावा, साक्षीदारास संरक्षण द्यावें. तें कष्टाचें काम टाळून स्थानबद्धतेचा सोपा रस्ता धरणें हा पोलिसी कारभाराचा आळस आहे. मार्च २०२४ मध्यें तेलंगणांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सल्लागार मंडळांस बजावलें कीं, तुम्ही सरकारी हुकुमावर शिक्का मारण्यासाठीं नाहीं. हें बजावण्याची वेळ यावी, यांतच सर्व आलें.

आतां अगदीं अलीकडच्या दोन गोष्टी. केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती करून आपल्या कारभाराविषयींचा कोणता मजकूर 'बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा' आहे हें ठरविणारें सरकारी पथक नेमण्याचा अधिकार घेतला. जानेवारी २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. सप्टेंबर २०२४ मध्यें तिसरे न्यायमूर्ति अतुल चांदूरकर यांनीं नियम घटनाबाह्य ठरविण्याच्या बाजूनें मत दिलें आणि तो नियम पडला. त्यांच्या कारणांपैकीं एक कारण असें कीं, या शब्दांची व्याख्याच केलेली नव्हती. 'दिशाभूल' म्हणजे काय हें ज्याच्याविषयीं लिहिलें जातें त्यानेंच ठरवावयाचें, तर वादी आणि पंच एकच झाले. येथें शब्द गाळलेला नव्हता, तो मोघम ठेविलेला होता; परिणाम तोच.

दुसरी गोष्ट आमच्या राज्याची. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्यें विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं संमत केलें. एखादी संघटना बेकायदेशीर आहे असें सरकारनें जाहीर करावें आणि सल्लागार मंडळानें तें तपासावें, अशी त्याची रचना आहे. सशस्त्र उपद्रवाचा बंदोबस्त व्हावा याविषयीं आमचें दुमत नाहीं. गडचिरोलीच्या जंगलांत ज्या पोलिसांचे प्राण गेले तेहि आमचेच होते. परंतु मूळ मसुद्यावर हजारों हरकती आल्या. त्यानंतर संयुक्त समितीनें विधेयकाच्या उद्देशाची शब्दरचना आणि सल्लागार मंडळाची घडण बदलली. आमच्या मतें या प्रकरणांतला खरा धडा हा आहे. जे बदल एखाद्या न्यायालयास दहा वर्षांनीं करावे लागले असते त्यांपैकीं कांहीं, लोकांनीं मसुदा वेळेवर वाचला म्हणून आधींच झाले. जे झाले नाहींत त्यांविषयीं वाद पुढें चालेल, आणि तो चालला पाहिजे. कोणत्या शब्दाखालीं उद्यां शेतकऱ्यांचा मोर्चा किंवा कामगारांची संघटना ओढली जाऊं शकेल, हा प्रश्न आज सत्तेवर असलेल्या पक्षाच्या सभासदांनींहि स्वतःस विचारावा. कारण सत्ता पालटते आणि कायदा तसाच राहतो. १९७१ सालीं 'मिसा' संमत करणाऱ्या पक्षांतील चंद्रशेखरांसारखे खासदार चार वर्षांनीं त्याच कायद्याखालीं तुरुंगांत बसले होते, हें विसरूं नये.

करावें काय? आमच्या सूचना तीन आहेत आणि तिन्ही साध्या आहेत. पहिली, स्थानबद्धतेविरुद्धचे अर्ज ठराविक मुदतींत निकालांत निघावे. बारा महिन्यांच्या हुकुमाचा निकाल दहाव्या महिन्यांत लागणें हा न्याय नव्हे, न्यायाची तेरवी आहे. दुसरी, किती हुकूम निघाले, सल्लागार मंडळानें किती फेटाळले आणि न्यायालयानें किती रद्द केले, याचा तक्ता राज्य सरकारनें दरवर्षीं विधिमंडळापुढें ठेवावा. ज्या अधिकाऱ्याचे हुकूम पुन्हां पुन्हां रद्द होतात त्यास जाब विचारला जावा, आणि बेकायदा अटकावाची भरपाई मागण्यासाठीं नागरिकास दुसरा खटला लढावा लागूं नये. तिसरी सूचना आमच्याच व्यवसायबंधूंस आणि वाचकांस आहे. नाशिकच्या बार रूमपासून गांवच्या वाचनालयापर्यंत, नवें विधेयक येईल तेव्हां त्याचा मसुदा मोठ्यानें वाचला जावा. भाषण ऐकूं नका, व्याख्या वाचा. उद्देश वाचून हुरळून जाऊं नका. 'सरकारची खात्री झाल्यास' हे शब्द कोठें आहेत आणि 'वाजवी' हा शब्द कोठें नाहीं तें पाहा.

परक्यांचें राज्य गेलें म्हणजे सत्तेचा स्वभाव पालटेल, अशी आमच्या आधींच्या पिढीची समजूत होती. ती भाबडी होती, पण उदात्त होती, आणि तिच्यासाठीं माणसें तुरुंगांत गेलीं. आमच्या पिढीस तेवढें भोळें राहतां येणार नाहीं. राज्य आपलें आहे म्हणूनच त्यास जाब विचारण्याचा हक्कहि आपला आहे. आर्थर रोडच्या कोठडींतल्या एका माणसानें आपल्या वहीसाठीं तो हक्क वापरला आणि सबंध सरकारास 'कोणत्या कायद्यानें?' या प्रश्नापुढें उभें केलें. त्यास तें करतां आलें, कारण कोणी तरी एका हुकुमांत एक पोटवाक्य राहूं दिलें होतें. पुढच्या वेळीं तें राहील कीं गळेल, हें न्यायालयांत ठरण्याच्या पुष्कळ आधीं ठरत असतें. आणि त्या वेळीं आपण जागे होतों कीं नाहीं, एवढाच काय तो प्रश्न आहे.